फजर (पहाटेची नमाज): तीन वेगळ्या वेळा, कुनूत आणि जमात उभी असताना सुन्नत

बांदेकर_फोंड्यात:

अस्सलामु अलैकुम. घर सिंधुदुर्गातलं, आम्ही शाफई मजहबाचे (नमाजेच्या नियमांची एक परंपरा). कामासाठी फोंड्याला खोली घेतली आहे, जवळची मशीद हनफी, म्हणजे दुसऱ्या मजहबाची. नमाज येते, पण फजरला रोज कुठेतरी अडतं.

पहाटे बांग ऐकू येत नाही. फोनमधल्या दोन ॲपांत फजरच्या वेळेत १३ मिनिटांचा फरक दिसतो आणि घरून आणलेलं मुंबईचं वेळापत्रक तिसरंच सांगतं. मशिदीच्या फळ्यावर सध्या फजर ६:२० लिहिलंय. कारखान्याची गाडी नाक्यावर ६:४५ ला येते. मग वेळ नेमकी कधी सुरू होते आणि कधी संपते?

दुसरं, इमामसाहेब कुनूत (उभ्यानं मागायची दुआ) पढत नाहीत. मी हात उचलायचे की त्यांच्याबरोबर सजद्यात, म्हणजे कपाळ टेकायला, जायचं?

तिसरं, पोचेपर्यंत जमात (इमामामागची सामूहिक नमाज) उभी राहिलेली असते. काही जण मागे खांबाआड सुन्नत, म्हणजे सक्तीच्या नमाजेआधीच्या दोन रकाती (नमाजेचे फेरे), पढत असतात. आम्हाला तर इकामत (जमात उभी राहण्याची हाक) झाली की सुन्नत नाही असं शिकवलंय. आणि नमाज चालू असताना सूर्य उगवला तर ती झाली की गेली?

चिरेखाण:

वालेकुम अस्सलाम. आधी वेळेचं बघू, कारण बाकीची निम्मी अडचण तिथूनच येते.

तुम्ही तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावानं धरताय. सुबह सादिकला (खऱ्या पहाटेला) फजर सुरू होते, तुलूला म्हणजे सूर्योदयाला संपते, आणि फळ्यावर लिहिलेली वेळ फक्त जमात उभी राहण्याची. ६:२० ला फजर 'लागत' नाही. डिसेंबरात इथे ती ५:४० लाच लागलेली असते.

गोव्याचे आकडे असे धरा. २१ डिसेंबरच्या आसपास सुबह सादिक ५:४० आणि सूर्योदय ६:५७. २१ जूनला ४:४५ आणि ६:०५. मिनिटभर मागेपुढे होईल. मधली खिडकी मार्च आणि सप्टेंबर या दोन महिन्यांत सर्वांत अरुंद, साधारण ७१ मिनिटं. जूनमध्ये ८० च्या आसपास. सुबह सादिक सर्वांत उशिरा जानेवारीच्या शेवटी होते, ५:५० च्या सुमारास. म्हणजे गोव्यात वर्षभर कधीच ती सहाच्या पुढे जात नाही, आणि बांग ऐकू न येण्याचं कारणही हेच. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ बाहेरचा भोंगा लावता येत नाही. वेळ लागताच दिलेली बांग मशिदीच्या आतच राहते. तिची वाट बघत अंथरुणात पडू नका, गजर लावा.

आता ॲप. सूर्य क्षितिजाखाली किती अंशांवर असताना सुबह सादिक धरायची, यावरून फरक पडतो. कराचीच्या पद्धतीत १८ अंश, मुस्लिम वर्ल्ड लीगच्या पद्धतीतही फजरला १८ च. उत्तर अमेरिकेची एक पद्धत १५ अंश धरते. आपल्या अक्षांशावर ३ अंश म्हणजे १२-१३ मिनिटं. तुमच्या दोन ॲपांतला फरक तोच. आपल्याकडची छापील वेळापत्रकं बहुतेक १८ वर असतात, तेच ठेवा. शिवाय ॲपमध्ये 'हनफी / शाफई' असं बटण असतं ते फक्त असरची (दुपारनंतरच्या नमाजेची) वेळ बदलतं. फजरला त्याचा काही संबंध नाही. लोक ते उगाच फिरवत बसतात.

मुंबईचं वेळापत्रक मात्र आजच भिंतीवरून काढा. मुंबई आपल्या साडेतीन अंश उत्तरेला आणि जवळपास एक अंश पश्चिमेला आहे. डिसेंबरात तिथला सूर्योदय ७:०७, इथला ६:५७. तुम्ही ७:०० ला 'अजून सात मिनिटं आहेत' म्हणून नियत बांधली, तर सूर्य तीन मिनिटांपूर्वीच वर आलेला. जूनमध्ये उलटा घोळ. तिथे सुबह सादिक ४:३९ ला, इथे ४:४५ ला. मुंबईच्या आकड्यावर लगेच नमाज पढलात तर ती वेळेआधी झाली, म्हणजे झालीच नाही. दोन्ही टोकांना ५-५ मिनिटं सोडायची सवय ठेवा: सुरू वेळेच्या पाच मिनिटं नंतर, संपवायची सूर्योदयाच्या पाच मिनिटं आधी. रोज्याला सहरी (पहाटेचं खाणं) मात्र उलट बाजूनं, सुबह सादिकच्या चार-पाच मिनिटं आधी थांबवायची.

आभाळ बघून वेळ ठरवायची असेल तर आधी पूर्वेला उभा, निमुळता उजेड येतो. ती सुबह काजिब, फसवी. ती विरते आणि मग क्षितिजाच्या बाजूनं आडवा, पसरत जाणारा पांढुरका पट्टा दिसतो. तीच सादिक. पण शहरातले दिवे, धुकं आणि पूर्वेला सह्याद्री, एवढ्यात फोंड्यातून ते ओळखणं अवघड. वेळापत्रक बरं.

मागची_सफ:

वरचं वेळेचं पटलं. एक जोडतो. फळ्यावर ६:२० का, याचंही कारण आहे. हनफींत फजर थोडं उजाडल्यावर पढणं अफजल (अधिक चांगलं), त्याला इसफार म्हणतात. मोजमाप असं दिलंय की ४० ते ६० आयती पढून नमाज संपावी, आणि नंतर वुजू (नमाजेआधीचं हात-तोंड-पाय धुणं) नव्हता असं लक्षात आलं तर सूर्योदयाआधी तेवढीच नमाज पुन्हा पढता यावी. शाफईंत अंधार असतानाच, वेळ लागल्यावर लवकर पढणं अफजल. दोन्हींत नमाज होते. फरक अफजल काय एवढाच. रमजानमध्ये बऱ्याच हनफी मशिदीही सहरीनंतर लगेच जमात करतात, म्हणून फळ्यावरचा आकडा एकदम खाली येतो. तेव्हा फळा बघत चला.

कुनूत. शाफई मजहबात फजरच्या दुसऱ्या रकातीत, रुकूतून (कमरेत वाकण्यातून) उठून 'रब्बना लकल हम्द' झाल्यावर, हात उचलून 'अल्लाहुम्मह्दिनी फीमन हदैत' ही दुआ. इमाम असेल तर तो अनेकवचनात 'अल्लाहुम्मह्दिना' म्हणतो आणि मागचे दुआच्या भागावर आमीन म्हणतात. हनफींत कुनूत रोज वित्रमध्ये (रात्रीच्या शेवटच्या नमाजेत) आहे, फजरला नाही; मोठं संकट आलं तर कुनूते नाजिला, ते वेगळं.

तुमचे इमाम उठले की दोन-चार सेकंदांत सजद्यात जातात. तेवढ्यात पूर्ण कुनूत होत नाही. ते सजद्यात असताना तुम्ही हात वर करून उभे, हे टाळा. कुनूतचा कमीत कमी भाग म्हणजे स्तुती आणि मागणं दोन्ही असलेली छोटी दुआ. 'अल्लाहुम्मग्फिर ली या गफूर' एवढ्यानंही ती होते. हे म्हणून इमामाला पहिल्या सजद्यात गाठता येत असेल तर म्हणा, नाहीतर सोडून थेट सजद्यात जा. शाफई किताबांप्रमाणे इमामानं कुनूत सोडल्यामुळे इमामानं सलाम फिरवून नमाज संपवल्यावर, आपला सलाम फिरवण्याआधी, दोन सजदे सहव (चूक भरून काढायचे सजदे) करणं सुन्नत. केले नाहीत तरी नमाजेला बाध नाही. उलट बाजूनं सांगायचं तर, हनफी माणूस शाफई इमामामागे असेल तर त्यानं कुनूतच्या वेळी हात सोडून गप्प उभं राहायचं. त्यानं सजद्यात पुढे पळायचं नाही.

सुन्नतीचं. खांबाआडचे लोक चुकत नाहीत, आणि तुम्हाला शिकवलेलंही चुकीचं नाही. फजरच्या दोन सुन्नतींची ताकीद सगळ्या सुन्नतींत जास्त. त्या दुनिया आणि तिच्यातल्या सगळ्यापेक्षा बेहतर, अशी सहीह मुस्लिममध्ये हदीस आहे. म्हणून हनफी म्हणतात की जमात उभी असली तरी, इमाम सलाम फिरवायच्या आत जमात गाठता येईल असा भरवसा असेल तर सुन्नत आधी पढा. पण सफेत (जमातीच्या रांगेत) उभं राहून नव्हे. अंगणात, व्हरांड्यात किंवा खांबाआड. सफेला लागून पढणं त्यांच्याकडेही मकरूह (नापसंत) आहे, आणि लोक नेमकं तेच करतात. शाफईंत इकामत झाली की नफ्ल (ऐच्छिक नमाज) आणि सुन्नत बंद, थेट जमातीत जायचं.

मग सुटलेली सुन्नत कधी? तुम्ही शाफई, फर्जनंतर (सक्तीच्या नमाजेनंतर) लगेच पढू शकता, सूर्योदयाआधीही. हनफी मात्र फर्जनंतर सूर्य वर येईपर्यंत कुठलीही सुन्नत-नफ्ल पढत नाही. तो सूर्य वर आल्यावर, जवाल होण्याआधी (सूर्य माथ्यावरून ढळण्याआधी) पढेल. म्हणून फर्ज संपताच तुम्ही पुन्हा उभे राहिलात आणि शेजारच्या चाचांनी भुवया उंचावल्या, तर कारण हे. वाद घालू नका, 'शाफई आहे' म्हटलं की समजतात.

आणि खरं सांगायचं तर तुमच्या बाबतीत हा प्रश्न यायलाच नको. ५:४५ ला खोलीत वेळ लागलेली असते. सुन्नत खोलीवरच पढून निघा. पहिल्या रकातीत काफिरून, दुसरीत इख्लास. छोट्या सूरह (कुराणातले अध्याय), दोन-तीन मिनिटांचं काम. सुन्नत घरी पढणं तसंही बेहतर.

बांदेकर_फोंड्यात:

जजाकल्लाह, दोघांचेही. खोलीवर सुन्नत हे सुचलंच नव्हतं. सूर्योदयाचं राहिलं. आणि दुसऱ्या रकातीत पोचलो तर उरलेली कशी पुरी करायची? एकटा पढताना मोठ्यानं पढायचं का? खोलीतले दोघे झोपलेले असतात.

चिरेखाण:

सूर्योदयाचं दोन मजहबांत वेगळं आहे. शाफईंत सूर्य उगवायच्या आत एक रकात पूर्ण, म्हणजे तिच्या दुसऱ्या सजद्यासकट, मिळाली तर पूर्ण नमाज अदा (वेळेत झालेली) धरली जाते. 'ज्याला सूर्योदयाआधी एक रकात मिळाली त्याला फजर मिळाली' या हदीसवरून. एक रकातही झाली नसेल तर ती कजा (वेळ टळल्यानंतरची) होते, पण तोडायची नाही, पुरी करायची. जाणूनबुजून एवढा उशीर करणं मात्र गुनाह. हनफींत फजर चालू असताना सूर्य उगवला की ती फर्ज फासिद, म्हणजे मोडली. सूर्य भालाभर वर येईपर्यंत थांबायचं, वेळापत्रकात सूर्योदयानंतर १५ ते २० मिनिटं धरतात, आणि मग कजा. त्याच दिवशी जवालपूर्वी कजा पढली तर हनफी सुन्नतही बरोबर पढतात.

झोपेत गेली, गजर वाजला नाही, तर हदीस स्पष्ट आहे: जाग आली, आठवलं की पढावी. पुढच्या दिवशीच्या फजरपर्यंत ठेवायची नाही.

उशिरा आलेल्याला मसबूक म्हणतात. इमाम रुकूत असताना तुम्ही उभ्यानं तकबीर म्हणून रुकूत गेलात आणि इमाम उठायच्या आत तुमचा रुकू ठरला, तर ती रकात मिळाली. धावत येऊन वाकता वाकता 'अल्लाहु अकबर' म्हणणं ही नेहमीची चूक. तकबीरे तहरीमा उभ्यानंच व्हायला हवी, नाहीतर नमाज सुरूच होत नाही. दुसरी रकात मिळाली तर इमामाबरोबर अत्तहिय्यातला (बसून पढायच्या दुआला) बसा. इमामानं दोन्ही सलाम फिरवले की, सलाम न फिरवता उठा आणि एक रकात पढा: फातिहा, सूरह, रुकू, दोन सजदे, अत्तहिय्यात, दुरूद, दुआ, सलाम. तुमच्या मजहबात ही तुमची दुसरी रकात धरली जाते, म्हणून कुनूतही हिच्यात येतो. इमामाच्या पहिल्या सलामालाच उठू नका. इमामावर सजदा सहव असेल तर तुम्ही मध्येच उभे राहिलेले असता.

मोठ्यानं पढण्याबद्दल: फजर जहरी, म्हणजे आवाजात पढायची नमाज. इमामानं मोठ्यानं पढणं हनफींत वाजिब (आवश्यक), शाफईंत सुन्नत. एकटा असाल तर हनफींत तुमच्या मर्जीवर, शाफईंत मोठ्यानं सुन्नत. पण शेजारी कोणी झोपलेलं असेल तर त्याची झोप मोडेल इतकं नाही. ओठ हलून स्वतःच्या कानाला ऐकू येईल एवढं पुरे. ओठ न हलवता मनातल्या मनात पढणं मात्र चालत नाही. ती किरात (कुराणपठण) होत नाही.

नळाखाली:

वुजूचं कोणी बोललं नाही, आणि कारखान्यात काम करणाऱ्याचा वुजूच जास्त अडतो.

हातावरचं साधं तेल, ग्रीसचा पातळ ओशटपणा पाणी अडवत नाही. वाळलेला ऑइलपेंट, डांबर, इपॉक्सी, घट्ट चिकटलेला गोंद अडवतो. नखांच्या कडेला, बोटांच्या पेरांवर आणि कोपरावर बघा. काढण्याजोगं ते रात्रीच झोपण्याआधी काढून ठेवा. पहाटे सहाला रॉकेलचा बोळा घेऊन बसलात तर जमात गेलीच. घासूनही निघत नसेल, कातडी सोलायची वेळ येत असेल, तर तेवढ्यावर सूट आहे.

तुमच्या मजहबात वुजूचे फर्ज सहा: नियत, तोंड, कोपरापर्यंत हात, डोक्याच्या काही भागाचा मसह (ओला हात फिरवणं), घोट्यापर्यंत पाय आणि क्रम. हनफींत चार; नियत आणि क्रम तिथे सुन्नत, पण मसह चौथाई डोक्याचा. पहाटे अर्धवट झोपेत सगळ्यांत जास्त कोरडी राहते ती टाच. त्या कोरड्या टाचांबद्दल हदीसमध्ये कडक ताकीद आहे. डाव्या हाताच्या करंगळीनं पायाच्या बोटांमधून फिरवा, उजव्या पायाच्या करंगळीपासून सुरू करून डाव्या पायाच्या करंगळीपर्यंत.

पाणी किती? हुजूर (पैगंबर) सल्लल्लाहु अलैहि वसल्लम एक मुद्द पाण्यात वुजू करत, आजच्या मापात पाऊण लिटरच्या आतबाहेर. नळ सैल सोडला तर तेवढं पाणी तोंड धुईपर्यंतच जातं. एप्रिल-मेमध्ये नळ कोरडा असला तरी एक तांब्या भरून ठेवला की फजर निघते. फोंड्यात आहात तर सफा मशिदीशेजारची चिऱ्याची तळी एकदा बघून या. मशीद १५६० ची मानतात. पायऱ्या उतरून पाण्याशी जायचं, मग पाणी किती मोलाचं ते उमगतं.

गुसल (शुद्धीची पूर्ण आंघोळ) लागलेला असेल आणि सूर्योदयाला दहा मिनिटं असतील, तर 'वेळ जाईल' म्हणून पाणी असताना तयम्मुम (पाण्याऐवजी मातीनं करायची शुद्धी) करू नका. दोन्ही मजहबांत ते चालत नाही. गुसल करा, वेळ गेली तर कजा. गार पाण्यानं आजार वाढेल अशी खरी भीती असेल तर ती वेगळी गोष्ट, आणि गोव्याच्या हवेत ती क्वचितच येते.

ओला_माड:

ॲप वगैरे कशाला, साधं आहे: सूर्य दिसेपर्यंत फजर. खिडकीतून बघायचं.

सत्तरीकर_आपा:

भाई, हा सल्ला आमच्या सत्तरी तालुक्यात चालवलात तर आठवड्यात सहा फजर कजा होतील. वाळपईच्या पूर्वेला घाट आहे. डोंगराची कड क्षितिजापासून नुसती ३ अंश वर असली तरी सूर्य तिच्यावरून डोकावायला १२ मिनिटं जास्त लागतात. वेळ संपते ती हिशेबानं सपाट क्षितिजावर, डोंगरावर नाही. डिचोली, सांगे, केपे, सगळीकडे हेच. पावसाळ्यात तर सूर्य दिसतच नाही, मग काय दुपारपर्यंत फजर?

घरी पढणाऱ्या बायकांसाठी दोन गोष्टी लिहिते, कारण धागा पुरुषांच्या मशिदीतच फिरतोय. हनफींत हात, चेहरा आणि घोट्याखाली पाय सोडून सगळं झाकायचं. शाफईंत पायही झाकायचे, सजद्यात तळवे उघडे पडतात तिकडे लक्ष द्या, मोजे घाला किंवा लांब घेराची खाली लोळणारी ओढणी. उकाड्यामुळे पातळ ओढणी घेतात, तिच्यातून केस दिसले तर झाकलं म्हणता येत नाही. दिव्यासमोर ती धरून बघा, आपला हात पलीकडून दिसला तर ती नमाजेची नव्हे. मेंदी चालते, नेलपॉलिश वुजूआधी उतरवावं लागतं. किरात हळू आवाजात.

आणि हैज (मासिक पाळी) सुबह सादिकच्या आत-बाहेर थांबला तर पुष्कळ जणी 'आता जोहरपासून (दुपारच्या नमाजेपासून)' असं ठरवून मोकळ्या होतात. तसं नाही. हनफींत दहा दिवसांच्या आत, आपल्या नेहमीच्या दिवसांवर थांबला, आणि सूर्योदयापूर्वी गुसल करून तकबीर म्हणण्याइतका वेळ उरला असेल, तर ती फजर तुमच्यावर आली. शाफईंत तर नुसत्या तकबीरइतका वेळ पुरतो, गुसलचा वेळही मोजत नाहीत. पढायला वेळ नाही पुरला तर कजा पढायची, पण सोडून द्यायची नाही.

मागची_सफ:

आपांनी डोंगराचं छान सांगितलं. खोलीवर पढताना किब्ल्याचंही (मक्केच्या दिशेचंही) बघा. गोव्यातून मक्का पश्चिमेपासून उत्तरेकडे १५-१६ अंश, होकायंत्रावर २८६ च्या जवळ. पुष्कळ जण समुद्राकडे तोंड केलं की झालं समजतात. किनारा सरळ उत्तर-दक्षिण नाही, कललेला आहे. पाण्याला काटकोनात उभे राहिलात तर उलट नैऋत्येकडे वळता. हनफींत दोन्ही बाजूंना ४५ अंशांपर्यंत सूट आहे, शाफईंत तेवढी नाही. फोनचं होकायंत्र लोखंडी खाट, कपाट, स्पीकर यांच्याजवळ फिरतं. खोलीच्या मधोमध, फोन आडवा धरून, दोनदा बघा आणि फरशीच्या रेघेवर खडूची खूण करून ठेवा.

नमाजेच्या आत फजरला घाईमुळे जे बिघडतं ते बहुतेक सजद्यात. कपाळ टेकतं, नाक हवेत. कोपरं जमिनीवर पसरतात. आणि सर्वांत जास्त म्हणजे दोन्ही पावलं उचलली जातात. सजदा सात अवयवांवर: नाकासकट कपाळ, दोन हात, दोन गुडघे, दोन्ही पायांची बोटं. पायाची बोटं वाकवून किब्ल्याकडे ठेवा. दोन सजद्यांमध्ये पाठ सरळ होऊन हाडं जागेवर येईपर्यंत बसा. रुकूतून उठल्यावरही तसंच. सजद्यातल्या तीन तसबीह (स्तुतीची वाक्यं) म्हणायला पाच-सहा सेकंद लागतात. दोन सेकंदांत डोकं वर आलं तर तीन झाल्या नाहीत.

झोपेत तिसऱ्या रकातीला उठणंही फजरला फार होतं. हनफींत: अत्तहिय्यातला न बसता उठलात आणि तिसरीचा सजदा करायच्या आत आठवलं तर खाली बसा आणि सजदा सहव करा. तिसरीचा सजदा झाला असेल तर फर्ज गेली, ती नफ्ल झाली, फर्ज पुन्हा. शाफईंत जेव्हा आठवेल तेव्हा बसा, अत्तहिय्यात पढा, सलामाआधी सजदा सहव, नमाज झाली.

बांदेकर_फोंड्यात:

खूप सविस्तर. शेवटचा एक. मागच्या शुक्रवारी इमाम पहिल्या रकातीत पढता पढता मध्येच एकदम खाली गेले. मी रुकूत गेलो, शेजारचे सगळे सजद्यात. मग मी गोंधळलो.

चिरेखाण:

ती सजदा तिलावत. शुक्रवारच्या फजरला पहिल्या रकातीत सूरह सजदा आणि दुसरीत सूरह दहर पढणं सुन्नत आहे. सूरह सजदाच्या १५ व्या आयतीवर सजदा येतो. इमाम 'अल्लाहु अकबर' म्हणत सरळ उभ्यावरून एकच सजदा करतात, परत उभे राहतात आणि किरात पुढे चालू होते. तुम्ही मागच्या सफेत असाल तर आवाजावर जाऊ नका, तकबीर तीच असते; पुढच्या माणसाचं डोकं कुठे थांबतं ते बघा. रुकूत गेलाच असाल तर तसेच सजद्यात उतरा आणि इमामाबरोबर उठा, तो रुकू मोजायचा नाही. इमाम पूर्ण सूरह पढले तर पहिली रकात लांबते, ३० आयती आहेत. त्या दिवशी ६:२० ची जमात ६:३५ च्या पुढेही जाऊ शकते. ६:४५ ची गाडी असेल तर शुक्रवारी चप्पल दाराजवळच्या कडेला ठेवा, कोपऱ्यातल्या ढिगात नको.